कल्चरमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ येतं, तरी इन्फेक्शन का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ७८ वर्षांच्या वडिलांना प्रोस्टेटच्या त्रासामुळे आठ महिन्यांपासून लघवीची नळी आहे. दर महिन्याला कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, पॉझिटिव्ह येतं. रिपोर्टमध्ये ज्या औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ (हा जंतू या औषधाला दबतो) लिहिलेलं असतं तेच दिलं जातं, दहा दिवस बरे जातात, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. युरोलॉजिस्ट म्हणाले, “नळीवर बायोफिल्म झालीय.” त्याच आठवड्यात सोसायटीची टाकी धुणारा माणूसही म्हणाला, पाइपांत बायोफिल्म आहे, नुसती टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून उपयोग नाही. तर हा एकच प्रकार आहे का? आणि इतका महत्त्वाचा असेल, तर सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत हा शब्द का ऐकू येत नाही?

हो, प्रकार एकच. मी सत्तावीस वर्षं मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे, आधी मेडिकल कॉलेजात आणि आता एका खासगी रुग्णालयात. शिवाय इन्फेक्शन कंट्रोल कमिटीचं काम गळ्यात आहे, त्यामुळे लघवीच्या नळीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळीकडे हात घालावा लागतो. सगळीकडे मी एकच गोष्ट सांगत फिरते: आधी घासा, मग औषध टाका. घासता येत नसेल तर ती वस्तूच बदला. क्रम उलटा केला की पैसे जातात आणि जंतू राहतात.

बायोफिल्म तुम्ही रोज हाताळता. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो चिकट थर जाणवतो, तो बायोफिल्म. बादलीच्या तळाची बुळबुळ, मोरीच्या जाळीखालचा काळपट लगदा, फुलदाणीतल्या देठांवरची साय, सगळं तेच. लोक त्याला सरसकट शेवाळ म्हणतात. पण शेवाळाला उजेड लागतो; बंद पाइपात उजेड नसतो, तिथे जे असतं ते मुख्यतः जिवाणूंचं घर. सुटा जिवाणू पाण्यात तरंगत येतो, एखादा पृष्ठभाग सापडला की आधी नुसता टेकतो, मग पक्का चिकटतो, आणि आपल्याभोवती डिंकासारखा पदार्थ सोडायला लागतो. त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, मेलेल्या भाईबंदांचा डीएनएसुद्धा असतो, पण बहुतांश पाणीच. सब्जाचं बी भिजल्यावर त्याच्याभोवती जशी जेली धरते तसं डोळ्यांसमोर आणा. फक्त एका जेलीत एक नाही, लाखो बिया, आणि त्याही पाच-दहा वेगवेगळ्या जातींच्या. वरच्या थरातल्यांना अन्न आणि प्राणवायू मिळतो, तळाशी असलेले अर्धपोटी राहतात. थर जाड झाला की त्याचे तुकडे सुटतात, प्रवाहाबरोबर पुढे जातात आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात.

हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्याने, अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने, १६८० च्या दशकात, स्वतःच्या दातांवरचा थर खरवडून. त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. त्याच्या लक्षात आलं की थराच्या बाहेरच्या बाजूचे ‘प्राणी’ मेले, पण व्हिनेगर आतपर्यंत पोचलंच नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने तसं कळवलं. तुमच्या वडिलांच्या नळीचा प्रश्न या चुळीत अख्खा आला.

मग आम्ही मायक्रोबायॉलॉजीवाले इतकी वर्षं काय करत होतो? क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या काळापासून आमचं शास्त्र वाढलं ते शुद्ध कल्चरवर. एक जंतू वेगळा काढा, त्याला भरपूर खाऊ घाला, तो दाट वाढला की तपासा. या पद्धतीने पटकी, क्षय, विषमज्वर असे मोठे शत्रू सापडले, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं कारण नव्हतं. निसर्गात जिवाणू बहुतेक वेळा चिकटून आणि एकत्र राहतात हा मुद्दा बिल कॉस्टर्टनसारख्या शास्त्रज्ञांनी लावून धरला तो १९७० च्या दशकात. त्यांचा गाजलेला लेख १९७८ चा. म्हणजे माझ्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय एखाद्या परिच्छेदात उरकलेला होता.

‘सेन्सिटिव्ह’चं कोडंही इथेच सुटतं. तुमच्या वडिलांचा नमुना आला की आम्ही प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके, उचलतो, सलाइनमध्ये ठरावीक गढूळपणा येईपर्यंत मिसळतो, नव्या प्लेटवर कापसाच्या बोळ्याने पसरतो आणि त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजतो. वर्तुळ पुरेसं मोठं असेल तर ‘एस’. ही चाचणी होते सुट्या, पोटभर खाल्लेल्या, भराभर वाढणाऱ्या जंतूंवर. नळीच्या आत जेलीत दबा धरून बसलेल्या जंतूंवर ती होतच नाही. रिपोर्ट खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. तोच जंतू बायोफिल्ममध्ये गेला की त्याला मारायला दहापट ते हजारपट औषध लागू शकतं, आणि तेवढं औषध माणसाला देता येत नाही.

यात लोक नेहमी गफलत करतात, कधीकधी डॉक्टरही. हा औषधाला सरावलेला, म्हणजे रेझिस्टंट जंतू नव्हे. काही औषधं जेलीत अडकतात. त्याहून मोठं कारण म्हणजे तळाचे जंतू उपाशी, झोपाळलेले असतात. आणि आपली पुष्कळशी अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूचंच काम बिघडवतात. पेनिसिलिनसारखी औषधं जंतूला पेशीची भिंत बांधू देत नाहीत; पण जो भिंत बांधतच नाही त्याची भिंत बांधायची प्रक्रिया काय बिघडवणार? जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवलं होतं की पेनिसिलिनच्या माऱ्यातून थोडे स्टॅफिलोकॉकस जिवाणू वाचतात, आणि त्या वाचलेल्यांची पिल्लावळ पुन्हा पेनिसिलिनने मरते. ते जंतू बदललेले नव्हते, फक्त पडून राहिलेले होते. मात्र वर्षभर अशा थरावर अपुऱ्या औषधाचा शिडकावा करत राहिलं, की खरोखरच रेझिस्टंट जंतू पुढे येतात. दाटीवाटीत राहणारे जंतू एकमेकांना जनुकंही सहज देतात.

मागे एकदा आमच्या रेसिडेंट मुलांना शिकवताना मी बदलून काढलेली एक फोलीज नळी (मूत्राशयात ठेवायची लघवीची नळी) ब्लेडने उभी चिरली होती. बाहेरून नळी स्वच्छ दिसत होती. आतून टोकाकडच्या चार-पाच सेंटिमीटरवर पांढरट, खरखरीत थर होता. बोटाला चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखा लागत होता. हा प्रोटिअस नावाच्या जंतूचा उद्योग. तो युरियाचं विघटन करतो, लघवी अल्कधर्मी होते, त्यातले क्षार बायोफिल्ममध्ये जमतात आणि नळी तुंबते. असल्या थरात सलाइनमधून औषध पोचवायचं म्हणजे भिंतीतल्या लोखंडी सळीचा गंज बाहेरून रंग लावून काढण्यासारखं.

आता तुमच्या वडिलांबद्दल. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. नळी घातल्यावर रोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसायला लागतात. महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. त्यामुळे नळी असलेल्या माणसाचं कल्चर पॉझिटिव्ह येणं ही बातमी नाही. ताप, थंडी वाजणं, कंबरेत किंवा ओटीपोटात दुखणं, अचानक बरळणं किंवा गुंगी, नळी तुंबणं असं काही असेल तर लगेच डॉक्टर गाठा. काहीच त्रास नसताना निव्वळ लघवी गढूळ आहे किंवा वास येतोय म्हणून दर महिन्याला कल्चर करायचं आणि गोळ्या सुरू करायच्या, हे शक्यतो थांबवा. लक्षणं असतील आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी नळी बदलायची आणि मग औषध. पिशवी कायम मूत्राशयापेक्षा खाली ठेवा, पण जमिनीवर टेकू देऊ नका. नळी-पिशवीचा जोड उगाच उघडू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न डॉक्टरांना विचारा: ही नळी अजून लागतेच का? ऑपरेशन, दिवसातून ठरावीक वेळा तात्पुरती नळी घालणं, असे पर्याय बसत असतील तर ते कुठल्याही अँटिबायोटिकपेक्षा सरस.

सार्वजनिक आरोग्यात हा शब्द ऐकू न येण्याचं कारण साधं आहे. मृत्यूच्या दाखल्यावर कोणी ‘बायोफिल्म’ लिहीत नाही. तिथे न्यूमोनिया असतो, सेप्सिस असतो, पटकी असते. बायोफिल्म ही गुन्हेगाराची लपायची जागा. एफआयआरमध्ये जागेचं नाव आरोपी म्हणून येत नाही.

ही जागा किती महागात पडते त्याचा मला बसलेला धडा सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून, नाव नको, पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या चार रुग्णांचे नमुने दोन महिन्यांत आले. ऑपरेशन उत्तम, टाके सुकलेले, घरी गेलेले. आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्राशी गाठ, मग त्यातून पाण्यासारखा स्राव. नेहमीच्या कल्चरमध्ये काही येईना. दोघांना क्षय समजून एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झाली होती. क्षयाचा जंतू रंगवून बघायच्या झेडएन स्टेनमध्ये लाल काड्या दिसल्या, म्हणून मलाही पहिल्या रुग्णाच्या वेळी क्षयच वाटला. ती चूक माझी. प्लेट दोन दिवसांनी टाकून न देता आठवडाभर ठेवल्यावर वसाहती आल्या. क्षयाचा जंतू इतक्या लवकर येत नाही. हे निघाले पाण्यात आणि मातीत राहणारे, झपाट्याने वाढणारे मायकोबॅक्टेरिया, क्षयाच्या जंतूचे भाऊबंद.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. उपकरणं धुऊन ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवली जात होती आणि मग ‘उकळून गार केलेल्या’ पाण्याने खंगाळली जात होती. पाणी खरंच उकळलेलं होतं, फक्त ज्या पिंपात ते साठवलं जायचं ते कोणी घासलं नव्हतं. आत हात फिरवला तर बुळबुळ. मग एक ग्रास्पर, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा लांब चिमटा, उघडून मागितला. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, हा उघडतो?” तो उघडत होता, दांड्यावरच्या आवरणाखाली तपकिरी, सुकलेला थर होता. ग्लुटाराल्डिहाइड प्रथिनं घट्ट बसवतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायला आम्ही ते याच गुणासाठी वापरतो. न घासलेली घाण त्यात बुडवली की ती निघत नाही, पक्की होते. शिवाय वीस मिनिटांत पूर्ण निर्जंतुकीकरण होतच नाही, त्याला दहा तास लागतात. उपाय काय केला? प्रत्येक उपकरण सुटं करून ब्रशने घासणं, जे चालेल ते ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत), आणि खंगाळायला निर्जंतुक पाणीच. त्यानंतर तिथून असा नमुना आला नाही. चौघांना मात्र महिनोन्‌महिने औषधं घ्यावी लागली, एकीला गाठ कापून काढावी लागली. हे भारतातलं जुनं दुखणं आहे, आणि फक्त आपलंच नाही; ब्राझीलमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात अशाच जंतूंची मोठी साथ आली होती आणि तिथले जंतू ग्लुटाराल्डिहाइडलाही दाद देत नव्हते.

टोरांटोच्या एका रुग्णालयाचं उदाहरण तर मी नव्या कर्मचाऱ्यांच्या दर इंडक्शनला सांगते. २००४ ते २००६ दरम्यान तिथल्या अतिदक्षता विभागात आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांत औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास या जिवाणूची लागण होत राहिली. एकूण ३६ रुग्ण. मूळ सापडलं हात धुवायच्या बेसिनच्या निचऱ्यात. बेसिनमध्ये चमकणारा रंग टाकून नळ सोडला, तर शिंतोडे किमान एक मीटरपर्यंत उडाले, रुग्णाच्या बाजूच्या सामानापर्यंत. निचऱ्याच्या पाइपातली बायोफिल्म जंतुनाशक ओतून गेली नाही; शेवटी बेसिनची रचना बदलली तेव्हा साथ थांबली. हात धुवायची जागाच जंतू वाटत होती. तुमच्या ओळखीत कोणी आयसीयू बांधत असेल तर बेसिन किती खोल आहे आणि नळाची धार थेट निचऱ्यावर पडते का, एवढं बघायला सांगा.

आता टाकी आणि पाइप. टाकीवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. नळाच्या पाण्यात शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावं हे आपलं मानक. गावाकडे जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की समाधान. हे हवंच, पाण्यात तरंगणाऱ्या जंतूंना तेवढं पुरतं. पण बायोफिल्मवर क्लोरीन पडलं की ते वरच्या थरातल्या सेंद्रिय पदार्थांशीच लढून संपतं, आत पोचेपर्यंत उरत नाही. लेव्हेनहूकचं व्हिनेगर, दुसरं काय! आणि टीसीएल पावडर ताजी असताना त्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं, दमट खोलीत पडून राहिलं की ते उडून जातं आणि उरतो चुना.

आपल्याकडे त्यात भर पडते ती तासांवर येणाऱ्या पाण्याची. पाणी सतत दाबाने वाहत असेल तर पाइपातला थर एका समतोलात राहतो. आपल्या गावांत दिवसाआड दोन तास पाणी येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा, दाब शून्य, फटीतून गटाराचं पाणी आत. आणि चावीवाल्याने व्हॉल्व्ह सोडला की पहिल्या झोताबरोबर थराचे तुकडे सुटून तुमच्या हंड्यात. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी येणारे वॉर्ड आणि खंडित पुरवठ्याचे वॉर्ड यांची तुलना झाली आहे, आणि विष्ठेचे निदर्शक जंतू खंडित पुरवठ्याच्या नळांत कितीतरी जास्त वेळा सापडले. म्हणून पहिलं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका, ते मोरीला, झाडांना, लादी पुसायला वापरा. आमची आजी हेच करायची. शिवाय कालचं पाणी ओतून, हंडा-कळशी चिंचेने नाहीतर राखेने घासूनच नवं पाणी भरायची. आम्ही त्याला शिळ्या पाण्याचं सोवळं समजून हसायचो. शास्त्राच्या दृष्टीने ती रोज बायोफिल्म उतरवत होती. हल्ली तांब्याच्या बाटल्या घेऊन फिरणाऱ्यांना माझी विनंती: तांबं काम करतं ते पाणी त्याला थेट लागलं तर. बाटलीचं तोंड अरुंद, आत ब्रश जात नाही, आतून थर धरला की पाणी तांब्याला लागतच नाही.

सोसायटीची टाकी साफ करताना क्रम असा: पाणी काढा, भिंती आणि तळ ताठ ब्रशने घासा, गाळ उपसा, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि मग क्लोरीन. बहुतेक ठिकाणी माणूस टाकीत उतरायचा कंटाळा करतो आणि वरून पावडर टाकतो. (उतरणार असेल तर एकट्याला उतरवू नका, बंद टाकीत जीव गुदमरतो.) नळाच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने घासा. घरच्या आरओमध्ये पाणी पडद्यातून गेलं की क्लोरीन उरत नाही, म्हणून पुढच्या साठवणीच्या टाकीत थर सगळ्यात निवांत वाढतो. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी आलात तर ती आधी पूर्ण रिकामी करा.

गीझर आणि सोलरबद्दल एक. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेली सुमारे दोनशे माणसं न्यूमोनियाने आजारी पडली, तीसच्या आसपास दगावली. कित्येक महिने कारण सापडेना. सापडला तो लेजिओनेला नावाचा जिवाणू. तो पाण्याच्या यंत्रणेतल्या बायोफिल्ममध्ये, तिथे चरायला आलेल्या अमिबाच्या पोटात वाढतो आणि बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. त्याला कोमट पाणी आवडतं, साधारण २५ ते ४५ अंश. म्हणून मोठ्या इमारतींत गरम पाणी साठवायचं तर ६० अंशांच्या आसपास. पावसाळ्यात आठवडाभर ढग असले की सोसायटीच्या सोलर टाक्या नेमक्या कोमट होतात.

एवढं वाचून बायोफिल्म म्हणजे नुसतं संकट वाटेल, तसं नाही. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पटकी आली आणि साडेआठ हजारांवर माणसं मेली. शेजारचं आल्टोना त्याच एल्बे नदीचं पाणी घेत होतं, तेही हॅम्बुर्गचा मैला मिसळल्यावर, खालच्या अंगाला. तरी आल्टोना बरंचसं वाचलं, कारण तिथे पाणी वाळूच्या संथ गाळणीतून जात होतं आणि हॅम्बुर्गमध्ये गाळणीच नव्हती. त्या गाळणीत जंतू अडवण्याचं मोठं काम वाळूवर धरलेली चिकट साय करते, म्हणजे बायोफिल्मच. ती खरवडून काढली की नवी साय धरेपर्यंत गाळणी कमजोर असते. आपल्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतही हेच जंतू दगडांवर, प्लास्टिकच्या चकत्यांवर चिकटून फुकट राबतात.

बांगलादेशातलं एक काम मला फार आवडतं. पटकीचा जंतू तळ्यांत सुटा कमी, बारीक प्लवकांच्या अंगाला चिकटून जास्त राहतो. रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी ६५ गावांत बायकांना जुनी सुती साडी निदान चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं. जंतू साडीच्या विणीपेक्षा लहान, पण तो ज्याला चिकटतो ते प्लवक मोठं. पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरलं. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. जुनी साडी, कारण वापरून वापरून सुताचे धागे फुगतात आणि वीण दाट होते. फडकं मात्र रोज धुऊन कडक उन्हात वाळवायचं, नाहीतर तेच बुळबुळायला लागतं.

परत वडिलांकडे. पुढच्या वेळी नळी बदलाल तेव्हा, कल्चरची खरोखर गरज असेल तर, नमुना नव्या नळीतून, पहिल्या लघवीचा घ्यायला सांगा. जुन्या नळीतून घेतला तर मला नळीवरच्या थरात कोण राहतंय ते कळतं, मूत्राशयात कोण आहे ते नाही. पिशवीच्या तोटीतून घेतलेला तर देऊच नका. तसा आला की मी तो परत पाठवते, आणि मग वॉर्डातून फोन येतो की मॅडम फार कटकट करतात.